शाळेत एआय: पालक, बाई-सर आणि मुलं नेहमी विचारतात ते प्रश्न

पुण्यात पेठेतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान आणि संगणक शिकवते. गेली दोन-तीन वर्षं पालकसभा कुठल्याही विषयावर सुरू झाली तरी शेवटी एआयवर येऊन थांबते. तेच प्रश्न स्टाफरूममध्ये, जिन्यात, शाळा सुटल्यावर फाटकाशी. म्हणून ते एकदाचे लिहून काढले. हे सरकारी परिपत्रक नाही. आमच्या शाळेत आम्ही काय ठरवलं आणि का, एवढंच यात आहे.

हे एआय नक्की करतं काय?

मी वर्गात म्हणते, “नाचता येईना…” आणि चाळीस मुलं ओरडतात, “अंगण वाकडं!” कोणी विचार केला? कोणीच नाही. इतक्यांदा ऐकलंय की पुढचे शब्द आपोआप येतात. चॅटजीपीटी, जेमिनी यांसारखी गप्पा मारणारी यंत्रं (चॅटबॉट) मुळात हेच करतात, फक्त अफाट मजकूर वाचून आणि अफाट गणित करून. आधीचे शब्द पाहून पुढे काय येण्याची शक्यता जास्त, ते ठरवत ठरवत वाक्य तयार होतं. नवा मजकूर, नवी चित्रं, नवा आवाज तयार करतं म्हणून ते ‘जनरेटिव्ह’. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ला लोकांसाठी खुलं झालं आणि पुढच्या सहामाहीपर्यंत आमच्या नववीच्या निबंधांत ‘आजच्या गतिमान युगात’ शिरलं.

खरं-खोटं पाहणं या मूळ कामात नाही. आता काही यंत्रं इंटरनेटवर शोधून उत्तर देतात, तरी शोधलेल्याचा अर्थ लावताना चुकतातच.

कितव्या वर्षापासून वापरू द्यावं?

चॅटजीपीटीच्या स्वतःच्या अटींत किमान वय १३ आहे आणि १८ पूर्ण होईपर्यंत पालकांची परवानगी लागते. युनेस्कोने सप्टेंबर २०२३मध्ये शिक्षणातल्या जनरेटिव्ह एआयबद्दल मार्गदर्शिका काढली, तीही वर्गातल्या वापरासाठी १३ वर्षांची मर्यादा सुचवते. म्हणजे साधारण आठवी. आमच्याकडे पाचवी ते सातवीच्या मुलांना स्वतःचं खातं नाही. दाखवायचं असेल तर बाई पडद्यावर दाखवतात, प्रश्न मुलं सुचवतात.

“आमच्या घरी असलं काही नाही हो,” असं सांगणाऱ्या पालकांना मी त्यांच्याच फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमधलं निळं-जांभळं वर्तुळ दाखवते. आईच्या फोनवर गृहपाठाचा ग्रुप बघता बघता चौथीतलं पोर तिथे पोचलेलं असतं. त्यामुळे ‘वापरू द्यावं का’ यापेक्षा ‘कोणाच्या फोनवर, कोणासमोर’ हे आधी बघा.

एआयकडून निबंध लिहून घेतला तर ती कॉपी धरणार का?

हो. शेजारच्याच्या वहीतून उतरवलं तर जी कॉपी, तीच ही.

पण एवढ्याने भागत नाही, कारण मधल्या पायऱ्या खूप आहेत. मुद्दे विचारले, लिहिलं स्वतः. लिहिलं स्वतः, शुद्धलेखन तपासून घेतलं. इंग्रजीत सुचलं नाही, मराठीत लिहून भाषांतर करून घेतलं. यातलं कुठलं चालतं? आम्ही पहिल्यांदा मोठी यादी केली होती, चालेल-न चालेल अशी. ती दोन महिन्यांत फाटली. आता प्रत्येक गृहपाठाच्या वर फळ्यावरच लिहितो: ‘एआय नाही’, ‘मुद्द्यांपुरतं’ किंवा ‘वापरा आणि सांगा’. ‘सांगा’ म्हणजे वहीच्या शेवटी दोन ओळी, काय विचारलं आणि त्यातलं काय घेतलं. आणि कुठल्याही वहीबद्दल बाई कधीही उभं करून विचारू शकतात: “हे वाक्य का लिहिलंस? हा शब्द दुसऱ्या वाक्यात वापरून दाखव.”

मागच्या वर्षी आठवीतल्या एकाने पावसावरच्या निबंधात ‘मृद्गंध’ लिहिलं. मला वाटलं, सापडला. उभं केलं. तो म्हणाला, “बाई, आजोळी अंगण शिंपडलं की आजोबा म्हणतात, मृद्गंध सुटला.” बसवला त्याला, मनातल्या मनात माफी मागितली. दुसऱ्या एकीला तिच्याच निबंधातला ‘पर्यावरणीय समतोल’ म्हणजे काय हे सांगता आलं नाही. तिला गुण कापण्यापेक्षा पुन्हा लिहायला लावलं, वर्गात, पेनाने. दुसरा निबंध छोटा होता, चुका होत्या, आणि त्यात त्यांच्या सोसायटीतलं तोडलेलं गुलमोहराचं झाड होतं.

घरीही हेच करा. “तू लिहिलंस का?” असं विचारलं तर उत्तर ‘हो’च येतं. “मला समजावून सांग” म्हणा. स्वयंपाक करता करता होतं ते काम.

एआयचं लिखाण पकडणारी सॉफ्टवेअर असतात ना? ती का वापरत नाही?

कारण ती निरपराधांना पकडतात. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःच असं ओळखयंत्र काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच त्याला ओळखता आला, आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्क्यांवर त्याने एआयचा शिक्का मारला. अचूकता कमी म्हणून जुलै २०२३मध्ये त्यांनी ते बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध सात ओळखयंत्रांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंधांवर ‘यंत्राने लिहिलं’ असा शेरा आला. कारण असं की साधी, ठरावीक वाक्यं लिहिली की ओळखयंत्राला ती यंत्राचीच वाटतात. आमची मुलं इंग्रजी अशीच लिहितात, आम्हीच तशी शिकवतो.

तेव्हा एखाद्या शिक्षकाने टक्केवारीचा कागद दाखवून तुमच्या मुलावर आरोप केला, तर शांतपणे तोंडी परीक्षा मागा. आमच्या शाळेतही मागा.

ते चुकीचं सांगतं म्हणजे किती चुकीचं?

सातवीच्या इतिहासाच्या प्रकल्पात एकाने पानशेतचा पूर घेतला होता. सुंदर छापील पानं. त्यात लिहिलं होतं की पानशेत धरण मुळा नदीवर होतं, मध्यरात्री पाणी शहरात शिरलं, आणि ‘नारायण पेठेतल्या एका प्रत्यक्षदर्शी आजींनी’ सांगितलेली चार वाक्यांची आठवण, अवतरणचिन्हांत.

पानशेत आंबी नदीवर. १२ जुलै १९६१ला सकाळी ते फुटलं, लोंढ्याने खाली मुठेवरचं खडकवासला धरणही गेलं, आणि पुण्यात पाणी आलं ते दिवसाउजेडी. आणि त्या आजी? त्या नव्हत्याच. यंत्राने त्या बनवल्या होत्या, कारण पुरावरच्या लेखात साधारण या ठिकाणी एक आजी येते.

गंमत पुढे आहे. पालकांना बोलावलं तेव्हा सोबत मुलाची खरी आजी आली. पूर आला तेव्हा ती आठ वर्षांची, शनिवार पेठेत. मुलगा फोनला विचारत होता तेव्हा ती शेजारच्या खोलीत मेथी निवडत बसली होती. आम्ही तिला वर्गात बोलावलं. गच्चीवर किती माणसं होती, पाणी ओसरल्यावर गाळाला वास कसला होता, पितळी भांडी कुठपर्यंत वाहत गेली, हे तिने तासभर सांगितलं. नदीचं नाव तिलाही एकदा चुकलं, ते मुलांनी नकाशात पाहून दुरुस्त केलं. माझ्या मते प्रकल्प तो.

मोठी माणसंही यात फसतात. २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे न तपासता कोर्टात सादर केले. त्यातले अनेक निवाडे अस्तित्वातच नव्हते. ५,००० डॉलर दंड झाला.

आमचा नियम: नाव, साल, आकडा, अवतरण, या चारांतलं काहीही एआयकडून आलं असेल तर ते दुसऱ्या ठिकाणी सापडलं पाहिजे. दुसरं ठिकाण म्हणजे पाठ्यपुस्तक, विश्वकोश, ग्रंथालय किंवा माणूस. दुसरा चॅटबॉट हे दुसरं ठिकाण नव्हे. संगणक कक्षाच्या दारावर आमच्या शिपाईमामांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली आहे: ‘मशीनने सांगितले, हे कारण येथे स्वीकारले जात नाही. हुकुमावरून.’

मराठीत विचारलं तर चालतं का, की इंग्रजीतच विचारावं?

चालतं, आणि दरवर्षी सुधारतंय. पण या यंत्रांनी वाचलेल्या मजकुरात मराठी इंग्रजीच्या मानाने फार थोडी, हिंदीचा शेजार मोठा. त्यामुळे मराठीत हिंदी झिरपते. एका चॅटबॉटने आमच्या सूचनाफलकासाठी लिहून दिलं, ‘प्रत्येक मुलाला उत्तम शिक्षा मिळाली पाहिजे’. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत काय, ते मागच्या बाकावरच्यांना विचारा. ‘यशासाठी सतत चेष्टा करा’ (हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न) हेही एका भाषणात आलं होतं, आणि ते भाषण बक्षीस समारंभाचं होतं.

आम्ही आता याचाच तास घेतो. एआयचा मराठी परिच्छेद छापून वाटायचा आणि लाल पेनाने मुलांनी तपासायचा. ‘प्रयास’, ‘छात्र’, ‘द्वारा’ पकडताना जी मुलं एरवी व्याकरणाला कंटाळतात, ती इरेला पेटतात. यंत्राच्या चुका काढण्यात आपल्या चुका निघण्याचा अपमान नसतो ना.

मग अभ्यासाला त्याचा खरा उपयोग काय?

‘उत्तर दे’ म्हणण्याऐवजी ‘मला विचार’ म्हटलं की उपयोग सुरू होतो. हे असं लिहून बघा:

“मी आठवीत आहे. अपूर्णांकांचा भागाकार समजत नाही. उत्तर सांगू नकोस. भाकरीची उदाहरणं घेऊन एका वेळी एकच प्रश्न विचार. मी चुकलो तर कुठे चुकलो ते मला शोधू दे.”

मग ते विचारतं: पाऊण भाकरीत अर्धी भाकरी किती वेळा बसते? मूल घोटाळतं, कारण एकदा बसून पाव उरते. ती पाव म्हणजे अर्धीची अर्धी. म्हणून दीड. इथे ‘उलटा करून गुणा’ हा मंत्र पहिल्यांदा समजतो. चाळीसच्या वर्गात प्रत्येकाबरोबर अशी दहा मिनिटं मला मिळत नाहीत, हे मी मान्य करते.

इंग्रजी बोलण्याचा सराव, पाठ झाल्यावर स्वतःवर दहा प्रश्नांची चाचणी, सोप्या शब्दांत पुन्हा समजावून घेणं, दृष्टिहीन मुलाला पुस्तकातल्या चित्राचं वर्णन ऐकवणं, ही सगळी चांगली कामं. फक्त गणिताची शेवटची आकडेमोड हाताने तपासा.

एआयला प्रश्न विचारायच्या चौकटीत काय लिहायचं नाही?

मुलाचं पूर्ण नाव, शाळेचं नाव, पत्ता, फोन, आधार क्रमांक, आजारपण, घरातली भांडणं, गुणपत्रक, गणवेशातला फोटो. गणवेशावर शाळेचा बिल्ला असतो, हे लक्षात राहत नाही. मार्च २०२५मध्ये सगळ्यांना आपले फोटो जपानी कार्टूनसारखे करून घ्यायची हौस आली, तेव्हा आमच्या एका वर्गातल्या एका पालकांनी स्नेहसंमेलनाचा अख्खा ग्रुप फोटो चढवला होता. इतर चाळीस घरांना न विचारता.

फुकटच्या खात्यांत आपण लिहिलेलं पुढच्या प्रशिक्षणाला वापरलं जाऊ शकतं. सेटिंग्जमध्ये ते बंद करायचा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो, तो शोधून बंद करा. कायद्याचं म्हणाल, तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ नुसार १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायलाही मनाई आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायदा येईल तेव्हा येईल, नाव न टाकणं आजपासून जमतं.

बाई-सर स्वतः वापरतात का?

वापरतो. टाचण काढायला, घटक चाचणीच्या प्रश्नपेढीला, एकाच धड्याच्या सोप्या-अवघड आवृत्त्या करायला. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

दुखणं आहे ते वर्णनात्मक नोंदींचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मूल्यमापनात प्रत्येक मुलाबद्दल विशेष प्रगती, आवड, सुधारणा आवश्यक, असं वाक्यांत लिहावं लागतं. चाळीस मुलं, दोन सत्रं, विषयवार. एप्रिलमध्ये शिक्षकाचं डोकं उठतं. एका सहकाऱ्यांनी (आमच्या शाळेतल्या नव्हे) वर्गाची पूर्ण यादी, नावं, गुण, काही मुलांच्या अडचणींसकट, चॅटबॉटला चिकटवली आणि पाच मिनिटांत नोंदी काढल्या. ती यादी आता परत घेता येत नाही. आणि नोंदी कशा आल्या? ‘वर्गकार्यात उत्साहाने सहभागी होतो’, चाळीसपैकी एकतीस जण. जो वर्षभर खिडकीबाहेर बघत होता तोही उत्साही.

खरं सांगायचं तर नोंदी पूर्वीही अशाच असायच्या, छापील पुस्तिकेतून उतरवलेल्या. दोष यंत्राचा अर्धाच. आम्ही ठरवलंय असं: नाव जाणार नाही, ‘विद्यार्थी ७’ जाईल. शिक्षकाने वर्षात पाहिलेली एक तरी खरी गोष्ट आधी हाताने लिहायची (‘भिंगाने गोगलगाय पाहायला रोज मधल्या सुट्टीत यायचा’), यंत्राने फार तर वाक्य नीट करायचं. गुण देणं, नापास-पास ठरवणं, शिस्तीचा निर्णय, यात एआय नाही.

कोणी माझ्या मुलीचा खोटा अश्लील फोटो बनवला तर?

हे उत्तर नीट वाचा, आणि घरातल्या मुलग्यालाही वाचायला लावा.

पहिली गोष्ट, मुलीला रागावू नका आणि फोन हिसकावू नका. ती तुमच्याकडे आली, हेच मोठं आहे. दुसरी, तो फोटो ‘पुरावा’ म्हणूनसुद्धा कोणाला पुढे पाठवू नका, मुख्याध्यापकांनाही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब मुलांची अश्लील चित्रं बनवणं, गोळा करणं, डाउनलोड करणं, पसरवणं, सगळ्याला लागू होतं, त्यात शिक्षा आहे (मराठीतली). कोणत्या खात्यावरून, कोणत्या ग्रुपवर, किती वाजता आलं, आणि लिंक असेल तर लिंक, हे कागदावर लिहून ठेवा.

मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा, किंवा थेट जवळच्या पोलीस ठाण्यात, पुणे शहर पोलिसांच्या सायबर ठाण्यात जा. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन. १९३० हा मुख्यतः पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीचा क्रमांक आहे, लोक दोन्हींत गोंधळतात. इंटरनेटवरून चित्र काढून टाकण्यासाठी ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवा आहे. त्यात फोटो पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो आणि तेवढाच सहभागी कंपन्यांकडे जातो.

शाळेत मुलामुलींच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी आहे. पण पॉक्सो या मुलांना लैंगिक अत्याचारांपासून वाचवणाऱ्या कायद्याखाली असा गुन्हा कळल्यावर तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘शाळेचं नाव खराब होईल, आपसांत मिटवू’ असं कोणी म्हणालं, मी म्हणाले तरी, ऐकू नका.

बनवणारा बहुतेकदा वर्गातलाच असतो आणि म्हणतो, “गंमत केली, खरा फोटो थोडाच आहे.” म्हणून वर म्हटलं, मुलग्याला वाचायला द्या.

मुलगा रात्री एआयशीच गप्पा मारतो. काळजी करू का?

किती वेळ, यापेक्षा काय बोलतो ते महत्त्वाचं. भूगोल विचारत असेल तर झोपेपुरतं बोला. पण “माझं कोणी ऐकत नाही, हे ऐकतं” असं असेल तर काळजी करा. ते यंत्र कधी कंटाळत नाही, सहसा “पुरे आता, झोप” म्हणत नाही, आणि आपण म्हणू त्याला बहुतेक वेळा मान डोलावतं. मित्र तसा नसतो. फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला ठेवा, तुमचाही. जिवाला बरं-वाईट करण्याची भाषा दिसली तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

‘प्रॉम्प्ट इंजिनिअरिंग’चा, म्हणजे एआयला कसं विचारायचं याचा, क्लास लावू का? पाचवीत आहे.

नको. ग्रंथालयाचं कार्ड काढा. ज्याला नेमका प्रश्न विचारता येतो त्याला बाकीचं एका दुपारी येतं. शिवाय केंद्राने तिसरीपासून एआय शिकवण्याचं २०२६-२७ सालापासून जाहीर केलंच आहे. फीचे पैसे वाचवा.

दहावीच्या परीक्षेत?

मोबाइल आत नेणं हाच गैरप्रकार आहे, एआय नंतर. राज्यात परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध १९८२पासून कायदा आहे.

आमच्याकडे एकच फोन, तोही बाबा कामावर नेतात. मुलगी मागे पडेल का?

हा प्रश्न सभेत कोणी उभं राहून विचारत नाही, सभा संपल्यावर विचारतात. म्हणून इथे लिहिते. एआयशिवाय पूर्ण होणार नाही असा गृहपाठ आमच्याकडे कोणीही देणार नाही, आणि दिला तर मुलीने तसं सरळ सांगावं. ‘वापरा आणि सांगा’ असलेलं काम शाळेतच होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की संगणक कक्ष दीड तास उघडा असतो. बारा संगणक आहेत, त्यातले दहा चालतात. खातं शाळेचं, बाई समोर. येताना वही-पेन आणावं, डबा आणला तर उत्तम. पाटी वाचून आत यावं, शिपाईमामा विचारतात.